रुग्णालयातील जैववैद्यकीय कचरा (ग्रामीण विदर्भ)

तपासणी, उपचार, लसीकरण, बाळंतपण आणि शस्त्रक्रिया यांतून निघणारा, रक्त वा शरीरद्रव लागलेला किंवा टोचणारा कचरा म्हणजे जैववैद्यकीय कचरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने रुग्णालयातला सुमारे ८५ टक्के कचरा घरच्यासारखाच साधा असतो आणि १५ टक्केच धोक्याचा. मात्र रक्ताचा एक बोळा साध्या बादलीत पडला की सगळी बादली धोक्याची धरावी लागते. देशात पहिले नियम १९९८ मध्ये आले. त्यांच्या जागी २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आले, त्यांत पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये दुरुस्त्या झाल्या. राज्यात असा कचरा हाताळण्याची परवानगी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देते.

वर्गीकरण खाटेजवळच व्हावे लागते. मागाहून पिशवी उपसून निवडणे हा सुई टोचण्याचा हमखास रस्ता आहे. एक सलाइन लावून उतरवेपर्यंत कचऱ्याच्या डब्या-पिशव्यांचे सगळे रंग लागतात. शिरेत नळी बसवताना निघालेली सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात जाते. सलाइनमध्ये सोडलेल्या औषधाची काचेची कुपी निळ्या खुणेच्या डब्यात, उतरवताना रक्त पुसलेला बोळा आणि चिकटपट्टी पिवळ्या पिशवीत, रिकामी बाटली, सेट (सलाइनची नळी) आणि हातमोजे लाल पिशवीत टाकतात. बाहेरचे कोरडे वेष्टन मात्र साध्या सुक्या कचऱ्यातच पडायला हवे. बाळंतपणात पडणारी वार, गर्भाशयासारखे काढलेले अवयव, ड्रेसिंग, प्लॅस्टर आणि मुदत संपलेली औषधे पिवळ्यात जातात. प्रयोगशाळेतले जिवाणूंचे नमुने आणि रक्ताच्या पिशव्या आधी जागेवरच निर्जंतुक करून मग द्यायच्या असतात. पिशवी तीन चतुर्थांश भरली की बांधावी. गच्च भरलेली पिशवी उचलताना फाटते.

पुनर्वापराच्या दृष्टीने खरा माल लाल पिशवीत असतो. अनेक रुग्णालयांचा कचरा एकत्र हाताळणाऱ्या सामाईक प्रक्रिया केंद्रात तो १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबावर, ६० मिनिटे वाफवतात, मग त्याचे तुकडे करून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देतात. पांढऱ्या डब्यातले धातू निर्जंतुकीकरणानंतर ओतशाळेत जाऊ शकतात, निळ्यातली काचही वितळवता येते. जाळायचे असते फक्त पिवळे. म्हणून सलाइनची बाटली पिवळ्यात टाकणे ही दुहेरी चूक आहे: विकण्याजोगे प्लॅस्टिक वाया जाते, आणि त्यासोबत पीव्हीसीची (क्लोरीन असलेल्या प्लॅस्टिकची) नळी भट्टीत गेली तर डायऑक्सिनसारखे विषारी घटक तयार होतात. पिशव्याही क्लोरीनविरहित प्लॅस्टिकच्याच हव्यात, त्याचे कारण हेच. उलट, लाल पिशवीत एक सुई राहिली तर पुढे ती हाताळणाऱ्या प्रत्येकाला धोका. खेड्यात रिकाम्या बाटल्या रोपांना थेंबथेंब पाणी द्यायला मागितल्या जातात, भंगारवालाही विचारतो. निर्जंतुक न केलेली बाटली कुणालाच द्यायची नाही, आणि नळ्या व बाटल्या कापून टाकायच्या, म्हणजे त्या पुन्हा बाजारात येत नाहीत.

ग्रामीण विदर्भात अडचण येते ती अंतराची. ७५ किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्राची सोय असेल तर रुग्णालयाने स्वतःची भट्टी उभारायची नाही, आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. सिरोंचा ते गडचिरोली हेच सुमारे २०० किलोमीटर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा गाडी कुठून येणार? ४८ तास ओलांडावेच लागले तर कारणासह मंडळाला कळवणे बंधनकारक आहे. साठवणीची खोली कुलूपबंद, फरशीची, कुत्री-डुकरे शिरणार नाहीत अशी हवी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पिवळी पिशवी दुसऱ्याच दिवशी दुर्गंधी सोडते, त्यामुळे खोलीची सावली आणि हवा खेळती असणे शोभेपुरते नसते.

गाडी पोहोचतच नाही अशा दुर्गम भागात परवानगी घेऊन खोल पुरण्याचा खड्डा करता येतो. तो सुमारे २ मीटर खोल असतो. दर वेळी कचरा टाकल्यावर १० सेंटिमीटर मातीचा थर द्यायचा, खड्डा निम्मा भरला की पृष्ठभागाखाली ५० सेंटिमीटरपर्यंत चुना, वर माती, आणि तोंडावर जनावर उकरणार नाही अशी जाळी. भूजल खड्ड्याच्या तळापासून किमान ६ मीटर खाली असावे लागते. ही अट कागदावर सोपी वाटते. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात पाणी वर चढते, पश्चिमेकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, मेळघाटात खडकच आडवा येतो. जागा उन्हाळ्यात पाहून ठरवली की हमखास फसगत होते. विहिरीची पातळी पावसाळ्यात मोजावी. प्लॅस्टिक आणि सुया या खड्ड्यात टाकायच्या नाहीत. सुयांसाठी वेगळा, काँक्रीटने बंदिस्त खड्डा असतो.

सांडलेल्या रक्तावर १ टक्का हायपोक्लोराइटचे (क्लोरीनयुक्त जंतुनाशकाचे) द्रावण किमान २० मिनिटे ठेवतात. ३० टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर १ लिटर पाण्यात ३३ ग्रॅम. ५ टक्क्यांचे द्रावण असेल तर १ भागाला ४ भाग पाणी. ऊन आणि उष्णतेने क्लोरीन उडून जाते, म्हणून द्रावण रोज नवे करावे. खिडकीतली उघडी पावडर वासाला तीव्र असली तरी कामाची राहीलच असे नाही. या द्रावणाने धातू गंजतो, त्यामुळे कात्री त्यात रात्रभर ठेवू नये.

लसीकरण सत्रात एएनएमने (आरोग्यसेविकेने) टोचून झाल्याबरोबर हब कटरने, म्हणजे सुई बुडाशी कापणाऱ्या छोट्या यंत्राने, सुई कापायची, झाकण परत लावायचे नाही, आणि सगळे आरोग्य केंद्रात परत आणायचे. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावे लागते. सफाई कामगारांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे नियमानेच बंधनकारक आहे. कंत्राटी माणसे बदलत राहतात तिथे नेमके हेच राहून जाते.