धूर निवळला म्हणजे हवा शुद्ध झाली, असं नाही

‘आग विझली, आता बीए सेट (मास्क आणि हवेची टाकी असलेला श्वसनसंच) उतरवा’ आणि ‘काजळलेला कोट हीच जवानाची शान’. अग्निशमन दलात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि जिवावर बेतणाऱ्या आहेत.

धुमसत्या ढिगाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येतच राहतो. त्याला ना रंग, ना वास; ओला रुमाल त्याला अडवत नाही. महाड किंवा लोटे-परशुरामसारख्या रासायनिक वसाहतीत तर काय जळलं तेच आधी कळत नाही. काजळीतली घातक द्रव्यं त्वचेतूनही शरीरात शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचं काम कर्करोगकारक ठरवलं, तेही पहिल्या गटात, म्हणजे पुरावा पुरेसा असलेल्या गटात.

कोट घरी नेऊ नये, जागेवरच पाण्याने धुवावा. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात जाड कोट लवकर वाळत नाही, म्हणून तो न धुताच खुंटीला लागतो. त्यासाठी दुसरा कोट मिळायलाच हवा; ही चैन नव्हे. जखमींना उचलणाऱ्या १०८ च्या कर्मचाऱ्यांनीही हातमोजे बदलावेत.

नवा जवान पुस्तकापेक्षा साहेबांकडे बघून शिकतो. म्हणून शेवटची ठिणगी तपासेपर्यंत मास्क आधी अधिकाऱ्याच्या तोंडावर असावा.