स्वमग्नता : शिकवायचे कुणाला?

मुंबई-पुण्यात स्वमग्नतेवर, म्हणजे ऑटिझमवर, कार्यशाळा भरली की विशेष शिक्षक, थेरपिस्ट आणि मुलांच्या आया एकाच सभागृहात बसलेल्या दिसतात. यात आता कुणाला वेगळे काही वाटत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मात्र या विषयातले बडे तज्ज्ञ आईकडे मदतीचा हात म्हणून पाहत नव्हते. त्यांच्या लेखी दुखण्याचे मूळच ती होती.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. मुलांमधले हे वेगळेपण जन्मजात असावे, असा निष्कर्ष त्याच लेखात आहे. पण पालक बुद्धिमान असले तरी मायेने वागणारे फारसे नाहीत, असे शेरेही तिथेच आहेत. पुढे लोकांनी शेरे उचलले आणि निष्कर्ष बाजूला राहिला. ‘रेफ्रिजरेटर मदर’, म्हणजे मायेची ऊब नसलेली आई, हे विशेषण आयांना चिकटले. शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात या कल्पनेचा सिद्धान्तच केला. त्यानुसार मूल सुधारायचे तर आधी त्याला घरापासून तोडायला हवे. मग घरच्यांना शिकवण्याचा विषय निघणार कुठून?

या मताला पहिला मोठा धक्का दिला तो एका बापाने. अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा स्वमग्न होता. स्वमग्नतेचे मूळ मेंदूत आहे, संगोपनात नाही, हे त्यांनी १९६४ मध्ये पुराव्यांसह मांडले. ब्रिटनमध्ये पालकांनी १९६२ मध्येच संघटना उभारली होती. अमेरिकेत ती १९६५ मध्ये झाली.

प्रशिक्षणाची खरी घडी बसवली ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी. ते शिकागोतच शिकलेले, म्हणजे बेटेलहाइम यांचे विचार त्यांनी जवळून पाहिलेले. त्यांच्या केंद्रात एकतर्फी आरशाची खोली होती. आत थेरपिस्ट मुलाबरोबर काम करी, आईवडील आरशाआडून पाहत. मग आईवडील आत जात आणि थेरपिस्ट पाहत बसे. घरी मुलाचे काय जमते आणि काय बिनसते हे आईला जितके ठाऊक असते तितके दुसऱ्या कुणाला नसते, हे गृहीत धरून तिला ‘सहउपचारक’ म्हटले गेले. राज्याच्या विधिमंडळाने १९७२ मध्ये हा कार्यक्रम सरकारी निधीवर राज्यभर चालवायला मान्यता दिली. ‘टीच’ नावाने तो आज जगभर ओळखला जातो. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातून ईव्हार लोव्हास यांचा पाहणी-अहवाल आला. उपचारानंतर जी मुले संस्थांत परत गेली त्यांनी शिकलेले गमावले आणि ज्यांचे पालक शिकले होते त्यांनी ते टिकवले, असे त्यात दिसले. लोव्हास यांच्या पद्धतींवर, विशेषतः त्या काळातल्या शिक्षांवर, जे आक्षेप आहेत ते मला रास्त वाटतात. तरी पालकांविषयीचे हे निरीक्षण महत्त्वाचे होते.

आपल्याकडे सुरुवात वेगळ्या टोकाने झाली. थेरपीचे शिक्षण लवकर आले. परळच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचाराचे, विद्यालय काढले, ते आशियातले पहिले मानले जाते. वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था १९६५ मध्ये म्हैसूरला आली. स्वमग्नतेसाठी स्वतंत्र प्रशिक्षण मात्र नव्हते. बहुतेक मुले ‘मतिमंद’ या शिक्क्याखाली विशेष शाळेत जात, किंवा कुठेच जात नसत.

१९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ यांनी ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. त्या स्वतः स्वमग्न मुलाच्या आई. म्हणजे अमेरिकेत तज्ज्ञांनी पालकांना शिकवायला घेतले, तर इथे एका आईच्या पुढाकारातून शिक्षक घडू लागले. संस्थेची शाळा १९९४ मध्ये निघाली. आईवडिलांनी मुलासह तीन महिने दिल्लीत मुक्काम करून शिकायचे, असाही अभ्यासक्रम तिथे आहे आणि त्यासाठी देशभरातून कुटुंबे येतात. ज्यांना नोकरी, दुसरे मूल आणि घरभाडे सांभाळून तीन महिने काढता येत नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही होता.

कायदा बराच मागून आला. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. नोंदणीशिवाय पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम केल्यास त्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण तेव्हा स्वमग्नतेसाठी नोंदणी करण्याजोगी वेगळी पदविकाच नव्हती. ती या शतकाच्या सुरुवातीला आली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचे नाव घेतले. प्रमाणपत्रासाठी मोजमाप लागते, म्हणून सिकंदराबादच्या मतिमंदांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी तयार केली. अखेर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेला जागा मिळाली.

कागदावर हे सगळे होत असताना तज्ज्ञ मोठ्या शहरांतच राहिले. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने याचा निराळा विचार केला. मँचेस्टरमध्ये विकसित झालेली एक पद्धत तिने स्थानिक गरजेनुसार बदलली. कार्यकर्त्याने घरी जायचे, आई-मुलाच्या खेळाचे चित्रण करायचे आणि ते आईबरोबर बसून पाहायचे. मूल काहीतरी सांगू पाहत होते आणि आईने ते टिपले, असे क्षण तिच्याच लक्षात आणून द्यायचे. हे करणारे कार्यकर्ते या विषयातले तज्ज्ञ नव्हते. गोवा आणि पाकिस्तानातले रावळपिंडी अशा दोन ठिकाणी ६५ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. मात्र दोघांचे एकाच गोष्टीवर लक्ष असण्याचा वेळ घटला. प्रचारपत्रकांत हे शेवटचे वाक्य सहसा गाळले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेनेही यात हात घातला. २०१४ च्या जागतिक आरोग्य सभेतील ठरावानंतर संघटनेचा पालक-प्रशिक्षण कार्यक्रम आकाराला आला : नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी. घेणारा तज्ज्ञ नसला तरी चालेल, अशी त्याची रचना आहे. महाराष्ट्रात सरकारी पातळीवर याची पहिली पायरी म्हणजे तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. अंगणवाडी आणि शाळांत जाणारी पथके विकासातले विलंबही तपासतात. पण शंका नोंदवली म्हणजे पुढे शिकवणारा माणूस मिळतोच असे नाही. चिठ्ठी हाती येते आणि जिल्ह्याच्या केंद्रापर्यंतचा प्रवास बहुधा आईच्याच वाट्याला येतो. ‘पालक-प्रशिक्षण’ म्हणताना सर्रास आईच धरली जाते, तिचा वेळ फुकट समजला जातो, याची चर्चा अजून पुरेशी होत नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. गोव्यातली चाचणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी होती, आरोग्य संघटनेचा कार्यक्रमही त्याच वयासाठी, आणि पालघरहून निघालेली तपासणी अठराव्या वर्षी थांबते. १९९१ मध्ये शाळेत जायच्या वयाची असलेली मुले आता चाळिशीत आहेत, त्यांचे आईवडील साठी-सत्तरीत. या वयाच्या लोकांचा विचार मुख्यतः १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने केला : काळजीवाहक तयार करणारी ‘सहयोगी’, प्रौढांच्या निवासासाठी ‘घरौंदा’ आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकाची नेमणूक. दाढी करायला शिकवणे, बँकेत सही, दातांचा डॉक्टर, आई गेल्यानंतरचे दिवस, यांसाठी काळजीवाहकाला काय शिकवायचे याचा अभ्यासक्रम लहान मुलांच्या मानाने फारच तोकडा आहे. तो लिहिताना बोलू शकणाऱ्या, टंकून व्यक्त होणाऱ्या स्वमग्न प्रौढांनाही विचारायला हवे; आतापर्यंतच्या बहुतेक कार्यक्रमांत त्यांच्याविषयी बोलले गेले, त्यांच्याशी क्वचितच.