निबंधाचे समग्र गुणांकन

शुद्धलेखन, मांडणी, विचार, भाषा यांना सुटे सुटे गुण न देता पूर्ण निबंध एका बैठकीत वाचून त्याला एकच गुण देण्याची पद्धत. लाखो उमेदवारांच्या लेखनपरीक्षांसाठी ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घडली. तिच्यामागे मुख्यतः प्रिन्स्टनजवळची एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस (ईटीएस, स्थापना १९४७) ही संस्था होती. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणारे पुण्या-मुंबईचे विद्यार्थी जीआरई परीक्षेच्या लेखन विभागात जो ० ते ६ मधला गुण मिळवतात, तो याच पद्धतीने ठरतो.

या पद्धतीचा उगम एका जुन्या दुखण्यात आहे : एकच निबंध दोन परीक्षकांकडे गेला की दोन वेगळे गुण पडतात. परीक्षेतील गुणांमध्ये नशिबाचा वाटा किती, हा प्रश्न इंग्लंडमध्ये एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्येच संख्याशास्त्राच्या आधारे मांडला होता. त्याचे सर्वांत लख्ख उत्तर मात्र ईटीएसच्या १९६१ सालच्या अभ्यासातून मिळाले. डीडरिक, फ्रेंच आणि कार्लटन या संशोधकांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांना दिले. वाचकांत इंग्रजीचे प्राध्यापक होते, तसेच समाजशास्त्रांचे व विज्ञानाचे प्राध्यापक, लेखक-संपादक, वकील आणि उद्योगांतील अधिकारीही होते. निकष कोणतेही दिले नव्हते. निबंधांचे गुणवत्तेनुसार नऊ गठ्ठे करा, एवढीच सूचना होती. तीनशेपैकी १०१ निबंध कोणा ना कोणाच्या हातून नऊच्या नऊ गठ्ठ्यांत जाऊन पडले. पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या असा एकही निबंध निघाला नाही.

या निकालावरून वाचक निष्काळजी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. आकड्यांचे विश्लेषण केल्यावर दिसले की वाचकांचे वेगवेगळे कल होते : कोणी विचारांना मान देत होते, कोणी व्याकरण व विरामचिन्हांना, कोणी मांडणीला, कोणी शब्दकळेला, तर कोणी लेखकाच्या स्वतःच्या ढंगाला. प्रत्येक जण आपापल्या परीने प्रामाणिक होता. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर हीच गोष्ट भयंकर आहे, कारण आपला निबंध कोणत्या प्रामाणिक माणसाच्या हाती पडेल हे त्याला कधीच कळत नाही.

यावरचा उपाय १९६६ मध्ये गॉडशॉक, स्वाइनफोर्ड आणि कॉफमन यांच्या अभ्यासातून पुढे आला. एकाच परीक्षकाने एकच निबंध कसून तपासण्यापेक्षा अनेक परीक्षकांनी अनेक छोटे निबंध झरझर वाचावेत. म्हणजे एकाचा कल दुसऱ्याच्या कलाने भरून निघतो आणि बेरीज भरवशाची होते. त्यांच्या प्रयोगात प्रत्येक विद्यार्थ्याने पाच निबंध लिहिले आणि प्रत्येक निबंध पाच जणांनी वाचला. पुढच्या परीक्षांनी त्यातले वाचनाचे तंत्र उचलले. पाच-पाच निबंध लिहून घेणे मात्र खर्चात बसण्यासारखे नव्हते, म्हणून एक-दोन निबंध आणि दोन परीक्षक यांवर तडजोड झाली.

प्रत्यक्ष तपासणी सुरू होण्याआधी अनुभवी परीक्षक खऱ्या उत्तरांच्या ढिगातून नमुना निबंध निवडतात : हा सहाचा, हा चारचा, हा दोनचा. प्रत्येक गुणाचे शब्दांत केलेले वर्णन म्हणजे रुब्रिक सोबत असते. पण वर्णनातले ‘पुरेसे’ आणि ‘प्रभावी’ यांतले अंतर शब्दांनी कळत नाही, ते नमुन्यांनीच कळते. परीक्षक हे नमुने वाचतात, त्यांवर चर्चा करतात आणि मग आधीच गुण ठरलेले निबंध तपासून आपला हात जुळतो का ते दाखवतात. जुळला नाही तर त्यांना खरे निबंध मिळत नाहीत. लाल पेन, समासातले शेरे, चुकांची मोजदाद यांना येथे जागा नाही. एक निबंध काही मिनिटांतच वाचून होतो. श्रेणी १ ते ६ अशी सहाची ठेवण्यात शहाणपण आहे (शून्य विषय सोडून लिहिलेल्या निबंधांसारख्यांसाठीच असते) : सम संख्येला मधला आकडा नसतो, त्यामुळे परीक्षकाला निबंध वरच्या अर्ध्यातला की खालच्या, हे ठरवावेच लागते.

दुसऱ्या परीक्षकाला पहिल्याचा गुण दिसत नाही. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेचा प्राण या नियमात आहे. २००५ ते २०१६ या काळातल्या सॅट या अमेरिकी महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या निबंधाला दोन परीक्षक प्रत्येकी १ ते ६ गुण देत. फरक एकापेक्षा जास्त पडला तर निबंध तिसऱ्याकडे जाई.

जीआरईत दुसऱ्या परीक्षकाची जागा आता ई-रेटर या संगणक प्रणालीने घेतली आहे. माणूस आणि यंत्र यांचे गुण जवळपास जुळले तर त्यांची सरासरी. न जुळल्यास दुसरा माणूस वाचतो आणि दोन माणसांची सरासरी धरली जाते. निकाल अर्ध्या गुणाच्या टप्प्यांत लागतो. सप्टेंबर २०२३ पासून दोनऐवजी एकच निबंध आहे, वेळ ३० मिनिटे. निबंध संगणकाने तपासण्याची कल्पना अमेरिकी संशोधक एलिस पेज यांनी १९६६ मध्ये मांडली होती आणि १९९९ मध्ये ई-रेटर व्यवस्थापन-प्रवेशाच्या जीमॅट परीक्षेत वापरात आला. यंत्राला अर्थ कळत नाही. ते व्याकरणाच्या चुका, शब्दांची लांबी, परिच्छेदांची रचना अशा खुणा मोजते. एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांसह एक प्रोग्राम बनवला. तीन शब्द दिले की तो भारदस्त पण निरर्थक निबंध रचतो, आणि अशा निबंधांना स्वयंचलित प्रणालींनी वरचे गुण दिले. लांबलचक निबंधाला झुकते माप मिळते, ही त्यांची तक्रार सॅटच्या मानवी परीक्षकांबद्दलही होती.

मराठी शाळेत ‘आत्मवृत्त’ आणि ‘कल्पनाप्रधान निबंध’ लिहून गेलेल्या विद्यार्थ्याला जीआरईत वेगळाच प्रश्न भेटतो. एक विधान देऊन त्याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात असे विचारले जाते. सुविचाराने केलेली सुरुवात किंवा अलंकारिक शेवट यांना स्वतंत्र मोल नाही. आपली भूमिका काय, ती कोणत्या परिस्थितीत टिकणार नाही आणि हातातले उदाहरण ती खरोखर सिद्ध करते का, यांवर गुण ठरतो. सहमत असावे की नसावे याला गुण नाहीत. पाठ केलेला साचा धोक्याचा, कारण निबंध एकमेकांशी ताडून पाहिले जातात आणि दुसरीकडून उचललेला मजकूर आढळल्यास गुण रद्द होऊ शकतात.

एकाच आकड्यावरचा विश्वास अमेरिकेतही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. सॅटचा निबंध २०१६ मध्ये वाचन, विश्लेषण आणि लेखन अशा तीन गुणांत विभागला गेला आणि २०२१ मध्ये, काही राज्यांतील शाळांपुरता अपवाद सोडून, बंदच झाला. शाळकरी विद्यार्थी देतात त्या महाविद्यालयीन पातळीच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेतील इंग्रजी निबंधांची नऊ गुणांची समग्र श्रेणीही २०१९-२० च्या शैक्षणिक वर्षापासून गेली. तिच्या जागी सहा गुण आले, तेही वाटून : भूमिकेला एक, पुरावा व विवेचनाला चार, आणि विचारांच्या प्रगल्भतेला एक.