फीडमधले मित्र कुठे गेले?

फेसबुक उघडलं की एआयने बनवलेल्या चित्रं-व्हिडिओंचा कचरा समोर येतो, ही तक्रार आता घरोघरी आहे. तक्रार रास्तच आहे. पण सगळं खापर एआयच्या माथी फोडलं, की कंपन्या अलगद सुटतात. हा कचरा ओतायला जागा लागते, आणि ती त्यांनी एआय यायच्या कितीतरी आधी मोकळी करून ठेवली होती.

५ सप्टेंबर २००६ रोजी फेसबुकने 'न्यूज फीड' सुरू केलं, म्हणजे मित्रांच्या हालचाली आपोआप एकाखाली एक समोर येऊ लागल्या. तोवर कुणाचं काय चाललंय हे बघायला त्या माणसाच्या पानावर आपण होऊन जावं लागे. (आपल्याकडे ते ऑर्कुटचे दिवस. तिथेही स्क्रॅप टाकायला मित्राच्या पानावरच जायचं.) न्यूज फीड घडवणाऱ्यांत पुण्यात वाढलेल्या रुची संघवी होत्या, फेसबुकच्या पहिल्या महिला इंजिनिअर. घोषणेची पोस्टही त्यांचीच. लोक भडकले, आमच्या हालचालींची दवंडी कशाला, म्हणून निघालेल्या ग्रुपमध्ये काही दिवसांत लाखो जण शिरले. गंमत म्हणजे त्या ग्रुपची खबर इतकी झपाट्याने पसरली ती न्यूज फीडमुळेच! कंपनीने प्रायव्हसीची काही बटणं दिली, पण फीड मागे घेतलं नाही.

तरी त्या फीडमधली माणसं ओळखीची होती. २००९ मध्ये लाईकचं बटण आलं आणि कुणाची पोस्ट वर चढवायची याचं गणित मांडायला आकडे मिळाले. गणित आलं तसे ते फसवणारेही आले. 'सहमत असाल तर लाईक करा' छापाच्या पोस्टना आवर घालायची घोषणा फेसबुकला २०१४ मध्येच करावी लागली होती. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत मॅसेडोनियातल्या वेलेस नावाच्या लहानशा गावातल्या पोरांनी ट्रम्पच्या बाजूच्या खोट्या बातम्यांच्या साइट्स चालवल्या. राजकारणाशी त्यांना बहुतेकांना देणंघेणं नव्हतं. क्लिकमागे जाहिरातीचे पैसे मिळत होते. पुढच्या गोष्टीचं सगळं बीज या गावात आहे.

२०१८ च्या जानेवारीत फेसबुकने फीड पुन्हा घरच्या माणसांकडे वळवायचं जाहीर केलं. प्रत्यक्षात महत्त्व आलं ते ज्यावर हमरीतुमरी होईल अशा पोस्टना. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून कळलं, की २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीला साध्या लाईकच्या पाचपट वजन होतं.

मित्रांवाचूनही फीड चालतं हे दाखवलं टिकटॉकने. तिथे तुम्ही कुणाला फॉलो करता याला फारशी किंमत नव्हती. कुठल्या व्हिडिओवर किती वेळ थांबलात, एवढं पुरे होतं. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स आणले. जुलै २०२२ मध्ये फेसबुकचे प्रमुख मार्क झुकेरबर्ग यांनी सांगितलं, की फेसबुक फीडमधला सुमारे १५ टक्के मजकूर लोक फॉलो करत नसलेल्या खात्यांचा असतो आणि पुढच्या वर्षअखेरीपर्यंत हे प्रमाण दुपटीहून जास्त होईल. हे एआयचंच काम, पण चित्रं काढणाऱ्या नव्हे, निवड करणाऱ्या एआयचं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात मेटाने, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीने, स्वतःच आकडे मांडले: मित्रांच्या पोस्ट पाहण्यात जाणारा वेळ फेसबुकवर १७ टक्के, इन्स्टाग्रामवर अवघा ७.

म्हणजे जागा रिकामी झालेली होती. त्याच २०२२ मध्ये सांगाल ते चित्र काढून देणारी मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन आणि वर्षाच्या शेवटी मजकूर लिहून देणारं चॅटजीपीटी आलं. वेलेसच्या पोरांना निदान बातमी उचलून फिरवावी तरी लागत होती. आता तेवढीही मेहनत उरली नाही.

कोळंबीच्या शरीराचा येशू, खाली 'आमेन'च्या कमेंटींची रांग: २०२४ च्या सुरुवातीला फेसबुकवर अशी चित्रं बेसुमार फिरली. सोबत प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं विमान बनवणारा गरीब मुलगा आणि वाढदिवसाला कुणीच शुभेच्छा दिल्या नाहीत म्हणणारी, स्वतःच केक केलेली आजी. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी अशी १२० पेजेस तपासली. त्यांतल्या एका चित्राला २०२३ च्या एकाच तिमाहीत ४ कोटी व्ह्यूज होते. बघणारे बरेच जण त्या पेजेसना फॉलोही करत नव्हते; फीडनेच ती त्यांच्यापुढे वाढली होती.

हे करतं कोण? '४०४ मीडिया' या तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या साइटने ऑगस्ट २०२४ मध्ये शोध घेतला तेव्हा धागे बरेचसे आपल्याकडे आले. चित्र कसं काढायचं, कुठल्या विषयावर लोक विरघळतात, गाजलेल्या पोस्टसाठी फेसबुक देतं तो बोनस खात्यात कसा येतो, हे हिंदीतून शिकवणारे यूट्यूबवर होते. गिऱ्हाईक शक्यतो अमेरिकेतलं, कमाई डॉलरमध्ये. महिन्याला दहा-पंधरा हजारांवर राबणाऱ्या पोराने हे केलं तर त्याला काय बोलणार? बोनस देणाऱ्यांना मात्र विचारायला हवं. आता गिऱ्हाईकही इथलंच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅपविंग या व्हिडिओ-एडिटिंगच्या कंपनीने केलेल्या पाहणीत एआयचा कचरा टाकणाऱ्या यूट्यूब चॅनलांपैकी सर्वाधिक पाहिलं गेलेलं निघालं ते भारतातलं 'बंदर अपना दोस्त', २ अब्जांहून जास्त व्ह्यूजचं.

कंपन्यांनी यावर काय केलं? यूट्यूबने जुलै २०२५ मध्ये घाऊक, साचेबंद व्हिडिओंच्या कमाईचे नियम स्पष्ट केले. आणि सप्टेंबरमध्ये मेटाने 'व्हाइब्स' आणि चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने 'सोरा' ॲप आणलं. दोन्हींत फीडच मुळी एआयच्या व्हिडिओंचं! भारत सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये एआयने बनवलेल्या मजकुरावर तसं सांगणारं लेबल सक्तीचं केलं. मसुद्यात लेबलने चित्राची किमान १० टक्के जागा व्यापावी असं होतं, ती अट अंतिम नियमांत गळली. लेबल लागलेली रील किती जणांपुढे न्यायची आणि तिचे पैसे किती द्यायचे, हे अजून कंपन्याच ठरवतात.