टणक फूटबॅग नवशिक्यासाठी सोपी? मुळीच नाही

फूटबॅग म्हणजे हाताने न धरता पायाने हवेत उडवत ठेवायचा, आत दाणे किंवा वाळू भरलेला छोटा चेंडू. तिचा फ्रीस्टाइल, म्हणजे पायाने कसरती करण्याचा प्रकार शिकायचा तर टणक, टप्पकन उडणारी बॅग घ्या, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. गोंधळ होतो कारण फूटबॅगचे दोन मुख्य खेळ आहेत. नेट प्रकारात पाच फूट उंच जाळीवरून बॅग पलीकडे मारायची असते. तिथे टणक बॅगच लागते. फ्रीस्टाइलमध्ये मात्र निम्मं काम बॅग पायावर झेलून थांबवण्याचं. टणक बॅग बुटावर आपटून निसटते. सैल भरलेली, मऊ बॅग पडताच पसरते आणि तिथेच बसते.

म्हणून नकली स्वेडची (मऊ, लवदार चामड्यासारख्या कापडाची), वाळू किंवा बारीक धातूच्या गोळ्या भरलेली बॅग बघा. ३२ तुकड्यांची शिवण असेल तर आकार चांगला गोल राहतो. वाळू हळूहळू शिवणीतून झिरपते, तेवढं सोसायचं. क्रोशाची बॅग मित्रांसोबत गोलात उभं राहून गप्पा मारत खेळायला छान, पण धाग्याची वीण लवकर सैलावते.

बुटांकडे मात्र बहुतेकांचं लक्षच नसतं, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच असते. फुगीर, गोलसर टोकाचे रनिंग शूज नकोत. पुढचा भाग रुंद आणि सपाट हवा. अनेक खेळाडू नाडी खालची भोकं सोडून ओवतात. त्यामुळे बुटाचं टोक उघडं, मोकळं राहतं आणि बोटं उचलली की बॅगेसाठी खोलगट जागा तयार होते. सुरुवातही तिथूनच करा: बॅग हाताने सोडा, पायाच्या टोकावर थांबवा, पुन्हा वर उडवा. किका मोजणं नंतर.