पक्षाघात उपचारांची गुणवत्ता, वृद्धांमधील (खानदेश)

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद पडली किंवा फुटली, की शरीराची एक बाजू लुळी पडते, तोंड वाकडे होते, बोबडी वळते. वैद्यकात याला पक्षाघात म्हणतात. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, ‘लकवा मारला’ किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. म्हाताऱ्या रुग्णाला वेळेवर, योग्य आणि पुरता उपचार मिळाला का, हे कसे मोजतात, याची ही नोंद आहे.

आव्हेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडलेली रचना, प्रक्रिया व फलित ही त्रिसूत्री आजही वापरली जाते. सीटी स्कॅनचे यंत्र आहे का, हा रचनेचा प्रश्न. रुग्ण दारातून आत आल्यापासून किती मिनिटांत गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची सुई लागली, हा प्रक्रियेचा. यासाठी ६० मिनिटांची मर्यादा मानतात. तीन महिन्यांनी रुग्ण कसा आहे, हे फलित. यंत्रे मोजणे सोपे असते, पण रुग्णाचे भवितव्य मधल्या मिनिटांवर ठरते. यंत्र असूनही रात्री तंत्रज्ञ नसेल, तर कागदावर सोय असते आणि रुग्णाला मिळत नाही.

वेळेचा हिशेब : गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हे घड्याळ लक्षण दिसल्यापासून नव्हे, तर रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून चालू होते. रात्री नऊला अंगणात खाटेवर झोपलेले आजोबा पहाटे पाचला लुळे आढळले, तर आठ तास गेले असे धरतात. अशा काही रुग्णांना एमआरआय पाहून औषध देता येते, पण ती सोय सगळीकडे नसते. ऊसतोडीला घरची कर्ती माणसे बाहेर गेली, की मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना शेवटचे कोणी कधी पाहिले हे सांगणारेच कोणी नसते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर त्यात सातपुड्याच्या वाटेची भर पडते; पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली, तर रस्ताच बंद. म्हणून केवळ रुग्णालयातील मिनिटे मोजणारा अभ्यास इथे अपुरा ठरतो. पाड्यावरून निघाल्याची वेळही टिपली पाहिजे.

वयाचा प्रश्न : साडेचार तासांची मुदत ज्या २००८ च्या चाचणीवर उभी आहे, तिच्यात ८० वर्षांवरील रुग्ण घेतलेच नव्हते. त्यामुळे ‘वय फार आहे’ म्हणून औषध टाळण्याची सवय पडली. २०१२ मध्ये आयएसटी-३ या चाचणीत ३,०३५ पैकी १,६१७ रुग्ण ८० च्या पुढचे होते. २०१४ मध्ये नऊ चाचण्यांतील ६,७५६ रुग्णांची माहिती एकत्र तपासल्यावर दिसले, की लवकर दिल्यास फायदा वयावर अवलंबून नसतो. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका खरा आहे आणि तो नातेवाइकांना आधी सांगावा. नुसत्या वयाकडे बोट दाखवून औषध नाकारणे मात्र चूक आहे.

मात्रा : किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९०. दहावा हिस्सा एका मिनिटात शिरेत, उरलेले ६० मिनिटांत. ४५ किलोच्या आजीला एकूण ४०.५ मिलिग्रॅम लागते : आधी सुमारे ४, मग ३६.५. नुसत्या अंदाजाने वजन ५५ धरले, तर ९ मिलिग्रॅम जास्त जाते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. नऊवारीत गुंडाळलेल्या कृश देहाचा अंदाज हमखास चुकतो. खाटेसकट वजन करता येत नसेल, तर घरच्यांना विचारून निदान अंदाज पडताळावा.

नेहमीच्या चुका : रक्तातील साखर आधी न पाहणे ही पहिली चूक. साखर उतरल्यानेही लकव्यासारखी लक्षणे दिसतात. सीटी स्कॅनपूर्वीच ॲस्पिरिन देणे ही दुसरी. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. रक्तदाब घाईने खाली आणणे ही तिसरी. त्याने मेंदूचा उरलासुरला पुरवठा तुटतो. मात्र अल्टेप्लेज देण्यापूर्वी तो १८५/११० च्या खाली असावा लागतो. चौथी चूक बहुधा मायेपोटी घडते : घोटभर पाणी किंवा चहा पाजणे. गिळण्याची तपासणी होण्याआधी तोंडातून दिलेले श्वासनलिकेत उतरू शकते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हाताऱ्या रुग्णांच्या मृत्यूचे हे मोठे कारण आहे.

भाषेमुळेही निदान चुकते. बोलणे तपासताना प्रमाण मराठीत वाक्य म्हणायला सांगितले, तर फक्त पावरी ही आदिवासी बोली बोलणारी आजी गप्प राहते आणि तिची वाचा गेल्याची नोंद होते. अहिराणी बोलणाऱ्याच्या उत्तरालाही अनोळखी कान बोबडे समजू शकतात. रोजचे बोलणे ओळखणारा घरचा माणूस तपासणीला शेजारी हवा.

नोंदींतील खड्डा : अत्यवस्थ रुग्णाला ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ घरी नेले आणि तो तिथे वारला, तर रुग्णालयाच्या मृत्यूदरात तो दिसत नाही. हा दर कमी म्हणजे उपचार चांगले, असा अर्थ काढणे त्यामुळे फसवे. ३० व्या आणि ९० व्या दिवशी फोन करून विचारणे हा उपाय. तीन महिन्यांनी ० ते ६ अशी श्रेणी देतात; ० म्हणजे काहीच लक्षण नाही, ६ म्हणजे मृत्यू. फोन बहुधा मुलगा किंवा सून उचलते आणि ‘बरे आहे’ एवढेच सांगते. तेव्हा नेमके विचारावे : आधाराशिवाय चालतात का, भाकरी स्वतःच्या हाताने मोडतात का, संडासला कोणाला बरोबर जावे लागते का.