गोकुळनगरपर्यंत पोहोचलेली अट

सांगलीच्या गोकुळनगर वस्तीत संपदा ग्रामीण महिला संस्थेने, म्हणजेच 'संग्राम'ने, १९९२ मध्ये एड्सप्रतिबंधाचे काम सुरू केले. त्यातूनच पुढे १९९६ मध्ये धंदा करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, उभी राहिली. या कामाला मिळणारा अमेरिकी सरकारी निधी चालू ठेवायचा असेल, तर 'वेश्याव्यवसायाला आमचा विरोध आहे' असे धोरण संस्थेने लेखी स्वीकारले पाहिजे, अशी अट काही वर्षांनी पुढे आली. २००५ मध्ये संग्रामने सही करण्यास नकार दिला आणि तो निधी सोडून दिला. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या संस्थेला साता समुद्रापलीकडचा एक कायदा एवढा जवळून का भिडावा, हे समजून घ्यायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते. आजाराविषयीचे जागतिक नियम कोणी, कोणाच्या सोयीसाठी आणि कोणाच्या पैशावर केले, याचा तो इतिहास आहे.

जुलै १८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. बारा राष्ट्रांनी आपले प्रतिनिधी पाठवले होते, आणि प्रत्येक राष्ट्राकडून एक वैद्य व एक मुत्सद्दी अशी जोडी आली होती. दोघांना स्वतंत्र मत होते. आरोग्याच्या प्रश्नावर वैद्य आणि मुत्सद्दी यांचे मत वेगळे पडू शकते, हे त्या रचनेतच गृहीत धरलेले होते. चर्चेचा विषय कॉलरा होता, पण खरा वाद बंदरांवर जहाजे किती दिवस अडकवून ठेवायची याचा होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर हिंदुस्थानातून निघणारा माल युरोपात फार लवकर पोहोचू लागला, आणि ब्रिटिश सरकारने क्वारंटाईनला सातत्याने विरोध केला. १८८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूविषयीचे आपले संशोधन पुढे नेले, तेव्हा त्यांचा निष्कर्ष तपासण्यासाठी गेलेल्या ब्रिटिश पथकाने तो अमान्य केला. जंतू मान्य केला असता तर जहाजे थांबवावी लागली असती, हे कारण त्या अमान्यतेपासून वेगळे काढता येत नाही.

याच काळातला दुसरा कायदा गोकुळनगरच्या गोष्टीशी अधिक थेट जोडलेला आहे. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने हिंदुस्थानात वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि संसर्ग आढळल्यास रुग्णालयात कोंडून ठेवणे यांना कायद्याचे बळ दिले. छावण्यांतून अशी पद्धत त्याआधीच रूढ होती. उद्देश गोऱ्या सैनिकांना गुप्तरोगांपासून वाचवण्याचा होता. स्त्रीला तपासायचे, सैनिकाला नाही, कारण सैनिक अपमानित होता कामा नये. इंग्लंडमध्ये समाजसुधारक जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच कायद्यांविरुद्ध दीर्घ लढा दिला, तिकडचे कायदे १८८६ मध्ये आणि इकडचा १८८८ मध्ये रद्द झाला. कायदा गेला, पण 'या बाया म्हणजे रोगाचे उगमस्थान' ही दृष्टी मात्र सरकारी दप्तरातून सहज गेली नाही.

प्लेगने सत्तेचे आणि आरोग्याचे नाते घराघरात दाखवून दिले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले. युरोपीय देशांनी हिंदुस्थानी मालावर बंदी घालण्याची भाषा सुरू केली आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यासाठी व्हेनिसला परिषद बसली. त्याच महिन्यात इकडे साथरोग कायदा संमत झाला आणि हजयात्रा थांबवण्यात आली. ज्या सरकारने कॉलऱ्याच्या वेळी चाळीस वर्षे क्वारंटाईन नाकारले, त्याच सरकारने आता घरांत शिरून झडत्या घेण्याचा, रोगी उचलून नेण्याचा आणि प्रवासी अडवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. हा बदल वैद्यकशास्त्राने एका वर्षात घडवलेला नव्हता. व्यापार तुटण्याच्या भीतीने घडवलेला होता. पुण्यातील झडत्या, २२ जून १८९७ ची रँडची हत्या आणि चापेकर बंधूंची फाशी हा भाग मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. त्याच साथीत सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करताना आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. एकीकडे रोग्याला संशयित मानणारा कायदा आणि दुसरीकडे रोग्याला स्वतः उचलून दवाखान्यात नेणारी बाई, या दोन्ही गोष्टी एकाच साथीतल्या आहेत.

परदेशातून पैसा किंवा माणूस येणे यात मुळात गैर काही नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. मिरजेचे मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये डॉ. विल्यम वान्लेस यांनी अमेरिकी प्रेस्बिटेरियन मिशनच्या पाठबळावर उभे केले, आणि मिरजेची वैद्यकनगरी ही ओळख त्यातूनच घडत गेली. प्रश्न पैशाचा नसून पैशासोबत येणाऱ्या अटीचा आहे, आणि ती अट रोगाच्या गरजेतून आली की देणाऱ्याच्या राजकारणातून, याचा आहे.

७ एप्रिल १९४८ रोजी जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात आली. तेथे प्रत्येक सदस्य राष्ट्राला एक मत आहे, त्यामुळे कागदावर तरी हिंदुस्थान आणि अमेरिका समान झाले. पण वर्षभरातच सोव्हिएत गट संघटनेतून बाहेर पडला आणि शीतयुद्धाच्या हिशेबात आरोग्यही ओढले गेले. १९५५ मध्ये सुरू झालेल्या जागतिक हिवताप निर्मूलन मोहिमेमागे अमेरिकी पैसा आणि डीडीटी हे कीटकनाशक होते. देवी निर्मूलनाचा प्रस्ताव १९५८ मध्ये सोव्हिएत संघाने मांडला. देवीचा रोग खरोखरच नाहीसा झाला. हिवताप मात्र भारतात साठच्या दशकात एक लाख रुग्णांपर्यंत खाली येऊन १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेला, कारण फवारणी थांबल्यावर मागे भक्कम गावपातळीवरची आरोग्यव्यवस्था उरलेली नव्हती.

सप्टेंबर १९७८ मध्ये अल्मा-आता येथे १३४ देशांनी '२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य' हे ध्येय स्वीकारले, त्यामागे हाच धडा होता. गावातली माणसेच आरोग्याचे काम करू शकतात, हे पटवून देणाऱ्या उदाहरणांत आपल्याकडचे जामखेड होते. तेथे आरोळे दांपत्याने १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले होते. पण वर्षभरातच, १९७९ मध्ये, निवडक आणि मोजता येण्याजोगे उपाय तेवढेच करावेत असा विचार निधी देणाऱ्यांमध्ये बळावला. १९८१ मध्ये आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींच्या जाहिरातबाजीवर संहिता आली, तेव्हा ११८ देशांनी बाजूने मत दिले आणि विरोधात एकट्या अमेरिकेने. त्याच दशकात अमेरिकेने संघटनेची वर्गणीही अडवून धरली. २०२४-२५ मध्ये सदस्य देशांच्या बांधील वर्गणीतून संघटनेच्या खर्चाचा पाचवा हिस्साही भागत नव्हता. बाकीचा पैसा ऐच्छिक असतो आणि त्यातला बराचसा कशावर खर्च करायचा हे देणारा ठरवतो. मत सर्वांना एकेक असले तरी विषयपत्रिका पैसा लिहितो, असे म्हणणे त्यामुळे अतिशयोक्तीचे होत नाही.

एड्स आला तो या पार्श्वभूमीवर. भारतात १९८६ मध्ये चेन्नईतील वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत पहिल्यांदा विषाणू आढळला आणि १८६८ ची दृष्टी जणू पुन्हा जागी झाली. १९८९ मध्ये राज्यसभेत सक्तीच्या तपासणीची वाट मोकळी करणारे एड्स प्रतिबंधक विधेयक आले. विरोधामुळे ते मागे घ्यावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स कार्यक्रमाचे प्रमुख जोनाथन मान मात्र वेगळे सांगत होते: रुग्णाचे हक्क जपले तरच साथ आटोक्यात येईल. १९९० मध्ये महासंचालकांशी मतभेद होऊन त्यांनी राजीनामा दिला, पण विचार टिकला. १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जावर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

सांगलीत त्याच वर्षी जे सुरू झाले त्याचे मर्म साधे होते. संग्रामच्या मीना सेशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तीतल्या बायांनाच या कामाच्या मालक केले. या बायांपैकी अनेकजणी सीमाभागातल्या देवदासी परंपरेतून आलेल्या होत्या. गिऱ्हाईक निरोध वापरायला नकार देते तेव्हा काय करायचे, घरमालकीण काय म्हणेल, पोलीस आले तर काय, ही माहिती बाहेरून आलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे नव्हती. ती बायांकडेच होती. एकटी बाई गिऱ्हाइकाला परत पाठवू शकत नाही, पण गल्लीतल्या सगळ्याजणींनी एकच नियम धरला तर पाठवू शकते. रोगप्रतिबंध संघटनेवर उभा होता, आणि संघटना स्वाभिमानावर.

२७ मे २००३ रोजी अमेरिकेत जो कायदा झाला त्याने पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलर एड्स, क्षय आणि हिवतापासाठी दिले. या पैशाने आफ्रिकेत लक्षावधी जीव वाचले, ते नाकारणे अन्याय होईल. पण त्याच कायद्यात प्रतिबंधाच्या निधीपैकी एक तृतीयांश वाटा विवाहपूर्व ब्रह्मचर्याच्या प्रचारासाठी राखून ठेवला होता, आणि वेश्याव्यवसायविरोधी धोरण नसलेल्या संघटनेला निधी मिळणार नाही असेही म्हटले होते. ही कलमे साथरोगशास्त्रातून आलेली नव्हती, अमेरिकेतील देशांतर्गत राजकारणातून आलेली होती. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि या तीन रोगांसाठी देशोदेशी पैसा वाटणारा ग्लोबल फंड यांना या अटीतून सूट मिळाली. मोठ्यांना सूट आणि वस्तीत काम करणाऱ्यांना अट, अशी ही विभागणी होती. ब्राझीलने २००५ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले. ब्राझीलपाशी सरकारी तिजोरी होती. सांगलीच्या संस्थेपाशी ती नव्हती, म्हणून तिच्या नकाराचे मोल मला अधिक वाटते. सही केली असती, तर ज्या बाईला 'तू या कामाची मालक' म्हटले, तिलाच 'तुझ्या जगण्याला आमचा विरोध आहे' असे लिहून द्यावे लागले असते.

सत्तेचा तोल दुसऱ्या बाजूला झुकल्याचे उदाहरणही याच रोगात आहे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे तर केवळ निर्मितीच्या पद्धतीवर पेटंट दिले, म्हणून २००१ मध्ये सिप्ला कंपनी एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ शकली. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव १०,००० डॉलरच्या पुढे होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहा येथे, पेटंट करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येता कामा नये, असे जागतिक व्यापार संघटनेला मान्य करावे लागले. १ एप्रिल २००४ पासून भारतात मोफत उपचार सुरू झाले. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवून जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचे ठरवले, तेव्हा अनेक आफ्रिकी देशांतील दवाखान्यांचे काम कोलमडले, पण सांगलीत वा साताऱ्यात सरकारी केंद्रावरून मिळणाऱ्या गोळ्या त्या पैशावर अवलंबून नव्हत्या. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या टप्प्यासाठीचे १५,४७१.९४ कोटी रुपये केंद्र सरकारचेच होते.

वेश्याव्यवसायविरोधी धोरण लिहून देण्याच्या अटीचा वाद मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने ही अट अमेरिकी संस्थांपुरती रद्द केली, कारण ती त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी या व्यवसायातील स्त्रियांच्या संघटनांना बरोबर घेऊन जी मार्गदर्शिका काढली, तिने समूहाच्या नेतृत्वाखालील काम हाच प्रतिबंधाचा पाया मानला. २९ जून २०२० रोजी न्यायालयाने दुसरा निकाल दिला: परदेशी संस्थांना अमेरिकी राज्यघटनेचे संरक्षण नाही, म्हणून त्यांच्यासाठी अट कायम राहील. त्या दिवशी कोविडमुळे सांगलीत संचारावर निर्बंध होते, आणि महाराष्ट्रात ते ज्या कायद्यांच्या आधारे लागू होते, त्यांत १८९७ चा साथरोग कायदा होता.